चौतीस वर्षांचा नवखा

लॉर्न प्रोसिशिन माझ्या तळघरात तीन हिवाळे राहिला. आमच्या गावच्या आइस हॉकी क्लबचा तो बचावपटू, आणि बाहेरून आलेल्या खेळाडूंना घरात ठेवून घ्यायची आमच्याकडे पद्धतच आहे. बहुतेक जण एकोणीस-वीसचे असतात. फ्रीजमधलं दूध संपवतात आणि एक दिवस निघून जातात. हा चौतिशीतला. बायको टॅमरा आणि दोन मुली लांब सस्कॅचेवान प्रांतात, आणि दूध स्वतः आणायचा.

चौदा वर्षांत अकरा क्लब, सहाशेच्या वर सामने. पण वरच्या लीगमध्ये एकही नाही. दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा हा पोचेपर्यंत तिकडचा जायबंदी माणूस ठणठणीत उभा. हत्ती गेला नि शेपूट राहिलं.

म्हणून त्या मंगळवारी दुपारी बाराला कोचचा फोन आला तेव्हा मी अभिनंदन वगैरे केलं नाही, पिकअपच्या किल्ल्या शोधल्या. वरच्या संघाचे दोन बचावपटू तापानं पडले होते. सामना सातचा, शहर तीनशे किलोमीटरवर, बर्फामुळे विमानं बंद. लॉर्नच्या गाडीचे टायर त्याच्या डोक्याइतकेच गुळगुळीत होते.

मी पांढऱ्या रस्त्यात पांढरी रेघ शोधत होते, आणि हा दीडच्या ठोक्याला शेजारी झोपून गेला. सामन्याच्या दिवशी दुपारची झोप म्हणजे या लोकांचा धर्म. जग बुडो, झोप चुकत नाही. एका लाकडाच्या ट्रकनं आमच्या काचेवर घमेलंभर चिखल फेकला तेव्हा मी तोंडातून काय काय काढलं ते इथे लिहीत नाही. हा घोरत होता.

टॅमराला मी वाटेतूनच कळवलं. तिनं मला बजावलं की तो खरोखर बर्फावर उतरेपर्यंत मला पुढचं काही सांगू नकोस. दोनदा शेजारणींना केक वाटून झालाय. तिचं बरोबर होतं. नुसती जर्सी घालून बाकावर बसलं तर सामना खात्यावर लागत नाही. उतरावं लागतं, एक सेकंद का होईना.

साडेपाचला पोचलो. लॉर्ननं मला तिकीट काढून दिलं, तेही खेळाडू बाहेर येतात त्या दाराला लागून. सहानंतर त्याचा निरोप आला: दोघांचाही ताप उतरलेला नाही. दुसऱ्याच्या तापासाठी नवस बोलू नये. मी बोलले होते.

आता त्यांची एक रीत आहे. एखादा कुठल्याही लीगमध्ये, वरच्या असो की खालच्या, पहिल्यांदाच खेळणार असेल तर सामन्याआधीच्या सरावाला त्याला दारातून एकट्याला बाहेर सोडतात. बाकीचे आत अडून राहतात, आणि तो रिकाम्या बर्फावर भर प्रेक्षकांत एकटाच फेरी मारतो. लॉर्ननं अकरा क्लबांमध्ये हा दरवाजा कितीतरी पोरांसाठी अडवून धरला असेल.

दार उघडलं. सगळ्यात पुढे लॉर्न. आणि हा शहाणा काय करतो? एक पाऊल बाजूला झाला, हात आडवा घालून मागच्यांना थोपवलं, आणि मागच्या तांबड्या दाढीच्या पोराला मानेनं खुणावलं: जा, तुझी फेरी.

कोणी हललं नाही. त्या पोराचे या लीगमध्ये दीडशे सामने झाले होते.

"आजोबा," तो म्हणाला, "मी केव्हाच मारली. आज तुमचा मान."

लॉर्ननं आपल्या आडव्या हाताकडे पाहिलं. मागून वीस माणसं हसायला लागली आणि कोणीतरी त्याला कमरेत ढकललं. त्यानं फेरी मारली. वळणावर तोल जाता जाता राहिला. बहुधा डोळ्यांत पाणी आलं असावं, नाहीतर म्हातारपण. माझ्या हातातली कॉफी माझ्याच मांडीवर सांडली होती आणि मला ते बऱ्याच वेळानं कळलं.

पण फेरी मोजत नाहीत. पहिली वीस मिनिटं कोचनं त्याला बाकावरच ठेवलं. दुसऱ्या सत्रातली आठ मिनिटंही गेली. लॉर्न सरळ समोर बघत बसलेला, दात विचकून, जसा दंतवैद्याकडे बसतो. मी टॅमराला फोन लावला; ती तिकडे टीव्हीसमोर, मी इकडे, फोन दोघींच्या कानाला. शेजारच्या काकांनी विचारलं, तुमचा मुलगा का? मी म्हटलं, भाडेकरू.

मग कोच बाकामागून चालत आला आणि त्यानं लॉर्नच्या पाठीवर थाप मारली. लॉर्न कठड्यावरून बर्फावर असा गेला की बावीस वर्षांचाही जाणार नाही.

"उतरला," मी फोनमध्ये म्हटलं.

"कुठे उतरला? बाकावरच दिसतोय."

"अगं, टीव्हीवर उशिरा दिसतं. उतरलाय तो."

"व्हर्ना, चेष्टा करू नकोस हं, मी..."

तेवढ्यात तिकडे खुर्ची पडली आणि दोन्ही मुली एकदम किंचाळल्या. इकडे लॉर्ननं चकती कोपऱ्यातून बाहेर काढली होती, आणि समोरच्या धटिंगणानं त्याला मैदानाभोवतीच्या काचेवर, थेट माझ्यापुढे आपटलं होतं. गाल काचेला चपटा झालेला, पुढचा दात नाही, आणि त्या तसल्या अवस्थेत तो मला बघून हसत होता.