पत्र्याच्या रोबोचं प्रात्यक्षिक

हितेशच्या पुस्तकात शेवटच्या पानावर, छपाईखान्याच्या पत्त्याखाली अनुपमाचं नाव होतं. 'सहाय्य : अनुपमा.'

त्यातले चौसष्टच्या चौसष्ट फोटो तिने काढले होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत हितेशचा स्टुडिओ होता, तिथे ती नऊ वर्षं नोकरीला होती. जाहिरातींची कामं आटपली की ती जुनी पत्र्याची खेळणी मांडून बसायची. चावीचे रोबो, रॉकेटं, अंतराळवीर. चाळलेल्या सिमेंटात रांगोळी मिसळून चंद्राची जमीन करायची. काळ्या पुठ्ठ्याला सुईने भोकं पाडून मागे दिवा लावला की तारे. वर शेंदरी जिलेटीन कागदाचं आकाश. कॅमेरा खेळण्याच्या पायाशी ठेवला की वीतभर रोबो पाचमजली दिसायचा, जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठावर असायचा तसा. हितेशला यातलं काही येत नव्हतं. त्याला बोलता यायचं.

"स्टुडिओ माझा, कॅमेरा माझा," तो म्हणाला. "आणि नाव टाकलंय ना तुझं?"

ती भांडली नाही. नोकरी सोडली आणि वाट बघत बसली.

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. पवईच्या एका कॉलेजने त्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं. "ये ना यार. तू मांडून दे, मी बोलतो. आणि काकांची खेळणी पण लागतील."

"येते," ती म्हणाली.

खेळणी अनुपमाच्या ओळखीच्या धोंडूकाकांची होती. विक्रोळीच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात ते रंगारी होते. कारखाना बंद पडला तेव्हा स्वतः रंगवलेले डझनभर नग त्यांनी घरी आणले. अनुपमाच्या शब्दाखातर ते खोका घेऊन पवईला आले आणि तिसऱ्या रांगेत तिच्याशेजारी बसले.

"अनु, वर ये ना," हितेश माईकवरून म्हणाला.

"तुम्हीच करा सर," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "फोटो तुमचेच आहेत."

थोडे लोक हसले. हितेशने सिमेंट न चाळताच ओतलं आणि काकांच्या खोक्यातला एक रोबो त्यावर उभा केला. कॅमेऱ्याला जोडलेल्या मागच्या मोठ्या पडद्यावर चंद्राऐवजी बांधकामाचा ढिगारा दिसू लागला. पुढच्या रांगेतल्या नमिता नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पुस्तकात रोबोची सावली एवढी लांब कशी आली?"

"लाइट जवळ घ्यायचा," हितेश म्हणाला आणि त्याने हॅलोजनचा दिवा रोबोच्या छातीशी आणून ठेवला.

अनुपमा ती सावली खिशातल्या टॉर्चने पाडायची, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून. हितेशच्या कपाळावरचा घाम तिला इथून दिसत होता. नऊ वर्षांत इतकं बरं तिला वाटलं नव्हतं. मग पडद्यावर रोबोच्या छातीचा लाल रंग चमकला आणि त्यावर बारीक फोड आले. बंद करा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अजून थोडं, असं तिच्या मनात आलं. ती गप्प राहिली.

रंग सोलला, धूर निघाला. हितेशने घाईने रोबो उचलला, हात भाजला, आणि रोबो खाली पडून त्याची मान तुटली.

नमिता उभी राहिली. "सर, मग पुस्तकातले फोटो कोणी काढले?"

हितेशने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"मी," अनुपमा म्हणाली.

सगळं सभागृह तिच्याकडे वळलं. याच क्षणाची ती वाट बघत होती. पण शेजारची खुर्ची रिकामी होती. धोंडूकाका मंचावर गुडघे टेकून तुकडे रुमालात गोळा करत होते. ती जवळ गेली.

"तुका म्हायत होता, असा होतला ता?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो काका."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

तिने रोबोचं तुटलेलं डोकं उचलून त्यांच्या रुमालात ठेवलं.

प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं आणि तिच्या नावाने पुन्हा काढलं. हितेशला त्यानंतर कुणी बोलावलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

विक्रोळीला काकांच्या घरी मात्र ती तीनदा गेली. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा काकांनी आत घेतलं, चहा दिला, तिने गावच्या आंब्यांचं विचारलं तर तेवढं सांगितलं. खोका कपाटावर दोरीने बांधून ठेवलेला होता. तिने तिकडे एकदा पाहिलं, आणि कप धुऊन पालथा घालून ती निघाली.