करुणाच्या वतीने

पाळकसाहेबांनी रजिस्टर उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तर मग, लेकराच्या वतीनं उत्तरं कोण देणार? आई की बाप?"

"दोघं," अभय म्हणाला.

"मी नाही," सरिता म्हणाली.

रविवारचे साडेआठ वाजले होते. नऊला उपासना. चर्चच्या बाजूच्या त्या चिंचोळ्या खोलीत चारच माणसं होती आणि सरिताच्या मांडीवर पाच महिन्यांची करुणा, पांढऱ्या झालरीच्या फ्रॉकमध्ये बुडालेली. फ्रॉक काल संध्याकाळी कन्नडहून सासूबाईंच्या पिशवीतून आला, तेव्हा कुठं सरिताला कळलं होतं की आज नुसतं 'लेकराला चर्चला दाखवायचं' नाही, बाप्तिस्मा आहे. अभयला गुरुवारपासून ठाऊक होतं. वाळूजच्या कारखान्यात पन्नास माणसांवर आवाज चढवणारा हा सुपरवायझर घरी मात्र आईपुढं आणि बायकोपुढं आळीपाळीनं मान हलवायचा.

रात्रीच ती त्याला म्हणाली होती, "येते मी. पण पाळकसाहेबांना जे सांगायचं ते मीच सांगणार."

आता ती सांगत होती.

"साहेब, तुम्ही विचारणार, तू ख्रिस्तावर विश्वास धरतेस का? आणि मी हिच्या जागी म्हणायचं, हो, धरते. हिला अजून स्वतःचं नावही कळत नाही. उत्तर माझं होईल, नाव हिचं लागेल."

पाळक विश्वजीतसाहेब चांगला माणूस. लग्नात दोघांना आशीर्वाद देताना डोळ्यांत पाणी आलेला. सरिता गारखेड्याच्या बाप्तिस्ट मंडळीतली आहे, कोचिंग क्लासच्या वरच्या हॉलमध्ये जमणाऱ्या, तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा न देणाऱ्या चाळीसेक माणसांतली, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं सगळ्यांदेखत आपल्या तोंडानं कबुली दिली आणि मंडळीतल्या सखारामभाऊंच्या शेततळ्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, तेही माहीत होतं.

"बाई," ते समजुतीनं म्हणाले, "देवानं अब्राहामाशी करार केला तो एकट्याशी केला नाही. त्याच्या संतानाशीही केला. आठव्या दिवशी सुंतेची खूण करायला सांगितली. आठ दिवसांच्या पोराला काय कळत होतं? तेव्हा लेकरं करारात होती. आता ख्रिस्त आल्यावर ती बाहेर पडली का? म्हणजे कृपा वाढायची सोडून कमी झाली?"

"बघ," कडूबाई म्हणाल्या. सरिताच्या ह्या सासूबाई दाराशेजारच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. "शिकलेल्या मान्साला तरी कळाया पायजे."

हा प्रश्न सरिताला नवा नव्हता. पोट पुढं आलेलं असताना हाच प्रश्न घेऊन ती महिने महिने बसली होती.

"इश्माएललाही तीच खूण केली ना, साहेब? त्याच्या बापानंच, अब्राहामानंच केली. वचन मात्र इसहाकाला. त्या करारात माणूस जन्मानं यायचा. म्हणून त्यात विश्वासाचेही होते, बिनविश्वासाचेही होते, शेजाऱ्याला म्हणावं लागायचं की बाबा, देवाला ओळख. नव्या कराराबद्दल यिर्मया संदेष्टा काय सांगतो? त्यात लहानापासून थोरापर्यंत सगळेच देवाला ओळखतील. ओळखत नाही असा एकही त्यात नाही. मग ह्यात जन्मानं कसं येणार? जन्म लागतोच, पण दुसरा. तो मी देऊ शकत नाही. एकदा दिलाय, त्यातच माझी काय गत झाली ती तुम्ही बघितली."

पाळकसाहेब किंचित हसले. "म्हणजे देवाचा कृपेचा करार एकच, हे तुम्हाला मान्य नाही?"

"कृपा एकच. पण सोयरीक ठरणं आणि लग्न लागणं ह्यात फरक आहेच ना. आधी वचन होतं, पिढ्यान् पिढ्या होतं, त्या वचनावर विसंबून माणसं तरलीही. करार झाला तो ख्रिस्ताच्या रक्तात. अब्राहामाचं संतान कोण, तर ज्याला विश्वास आहे तो. करुणाला आला की मी स्वतः नाचत आणते तिला."

"एवढंसं पाणी तर असतं, सरिता," अभय हळूच म्हणाला. "तीन थेंब. बाहेर पंचवीस माणसं आलीत जीपा करून. मटण शिजतंय."

"एवढंसंच असेल तर राहू द्या ना. एवढ्याशासाठी मला खोटं बोलायला का लावता?"

कडूबाई उठल्या. बुटकीशी बाई, पण उभी राहिली की खोली भरायची.

"आन् उद्या लेकराला काय झालं तर? एकोनीस दिस काचंत व्हती ती. इसरलीस? तवा गेली असती तर कोन्त्या तोंडानं देवाम्होरं उभी करनार व्हतीस?"

बाहेर गाणाऱ्या पोरांनी पेटीवर सूर धरला होता.

सरिता विसरली नव्हती. सातव्या महिन्यात झालेलं, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलेलं ओंजळीएवढं बाळ. छातीला चिकटवलेल्या वायरी, नाकात नळी, मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली घसरला की नर्सकडं मारलेली धाव. अजूनही करुणा फार वेळ शांत झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. आताही सासूबाईंचं वाक्य संपायच्या आत तिचा हात लेकीच्या छातीवर गेला होता.

"आत्या," ती म्हणाली, आणि आवाज फाटला तरी थांबली नाही, "पाण्यानं तिची खात्री होत असती, तर मी तिला दिवसातून दहा वेळा बुडवली असती. मला भीती वाटत नाही असं वाटतं तुम्हाला? तुमच्याहून दसपट वाटते. पण ती माझी भीती आहे. ती घालवायला मी तिच्या तोंडात नसलेला विश्वास घालणार नाही. तेव्हा ती देवाच्या हातात होती, बिनपाण्याची. आताही आहे."

"बिनपान्याची नव्हती," कडूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी दिलाय बाप्तिस्मा. काचंतच."

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"चौथ्या दिवशी," कडूबाई सांगू लागल्या. "तू दूध काढाया गेली व्हतीस. नर्सबाईनं मला दोन मिन्टं आत सोडलं. हात धुवाया लावत्यात ना, धुतले. पुसले नाय. पेटीच्या त्या भोकातनं हात घातला आन् कपाळाला लावला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. मला येतं तेवढं."

"मला न विचारता?" सरिताच्या कानशिलात रक्त चढलं. "तिला इन्फेक्शन होईल म्हणून मी स्वतः चार-चार दिवस तिला शिवत नव्हते! आणि तुम्ही ओल्या हातानं!"

"मग काय करू? आकडा खाली चालला व्हता!"

तो आकडा. म्हणजे तोही त्या बघत होत्या. ज्यांना घड्याळातलं नीट कळत नाही, त्या. सरितानं करुणाला जवळ ओढलं.

पाळकसाहेबांचा चेहरा मात्र मोकळा झाला होता. "अहो, मग प्रश्नच मिटला! जिवावर बेतल्यावर कुणीही विश्वासणाऱ्यानं दिलेला बाप्तिस्मा आमच्यात धरतात. दुसऱ्यांदा तर मला देताच येत नाही. पाणी नाही, प्रश्न नाहीत. तुम्ही दोघं नुसतं पुढं या. मी मंडळीला सांगतो, हे लेकरू करारात आलेलं आहे. तुम्ही आमेन म्हणा, इथं सही करा. झालं."

अभयनं सुटकेचा श्वास सोडला. "बघ, थेंबसुद्धा नाही."

सही. आमेन. दोन शब्द आणि घरात शांतता. परत जाताना जीपमध्ये हसणं, सासूबाईंच्या हातचा घास, टोमण्यांतून सुटका. सरितानं रजिस्टरकडं बघितलं. नावाची जागा, तारखेची जागा. तिला वाटलं, हे पाण्याहून अवघड आहे. पाणी दुसऱ्यानं घातलं असतं. आमेन तिलाच म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"आता काय राहिलं?" अभय जवळजवळ ओरडलाच.

"आत्यांनी घाबरून लेकराला हात लावला. देवानं तो हात बघितला असेल, त्याला राग आला असेल असं मला वाटत नाही. पण त्याला मी बाप्तिस्मा म्हणणार नाही. ती मोठी होऊन विचारेल, आई, माझं झालंय का? तेव्हा ह्या सहीकडं बोट दाखवलं, की ती निवांत बसेल. जन्मभर निवांत बसेल, विश्वासाशिवाय. मला ते नकोय." मग ती पाळकसाहेबांकडं वळली. "प्रार्थना करा हिच्यासाठी. प्रभूनं लेकरं कवेत घेतली, त्यांच्यावर हात ठेवले. तेवढं करा. मी सगळ्यांपुढं उभी राहते."

विश्वजीतसाहेबांनी रजिस्टर मिटलं. "तुम्ही चुकताय असंच माझं म्हणणं आहे," ते म्हणाले. "पण खोटं आमेन मी कुणाकडून वदवून घेणार नाही. चला."

प्रार्थना झाली. करुणा त्यांच्या हातात मुळीच रडली नाही. कडूबाई पुढच्याच बाकावर होत्या, भिंतीकडं तोंड करून.

दुपारी चर्चच्या मागं पत्र्याखाली पंगत बसली. मटणाचा रस्सा वाढत कडूबाई फिरत होत्या, सरिताच्या पत्रावळीशी आल्या की नेमकी पळी रिकामी व्हायची. शेवटी कडूबाईंच्या नणंदेनं, कन्नडच्या चतुराबाईंनी, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंच, "व्हय गं कडे, पानी कवा घातलं? मला दिसलंच नाय. बाप्तिस्मा झाला का नाय लेकराचा?"

"माझ्याकडनं झालाय," कडूबाई म्हणाल्या. "आईकडनं झाला का, ते आईला इचार."

पंचवीस माणसांचे घास थांबले. अभय पाण्याचा जग घेऊन उभा होता तसाच राहिला. सरितानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि मान वर करून सांगितलं, "व्हायचाय अजून. कधी, ते तीच सांगेल. आपल्या तोंडानं."

"तवर मी ऱ्हाईन का?" कडूबाई फणकारल्या.

"मग वाढत काय फिरताय? बसा इथं, जेवा नीट. राहावं लागेल तुम्हाला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कडूबाई पळी हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग "लई त्वांड आलंय हिला," असं सगळ्या पंगतीला सांगत त्या सरिताच्या शेजारी बसल्या, थोडं अंतर ठेवून.