सगळ्या पोरींना एकच चकती

माझं डोकं फिरायला फार वेळ लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या खेपेला चूक माझी नव्हती, छातीठोकपणे सांगते.

मी बावीस वर्षं सायकली दुरुस्त करतेय. भाची क्लबकडून शर्यतीत उतरते. एकेकटीनं सुटायचं, घड्याळाशी लढायचं, वीस किलोमीटर. पहिल्या तिघी निवडसंघात. गेल्या वर्षी ही चौथी आली, चार सेकंदांनी! आठवडाभर धड जेवली नाही पोर. आणि वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष.

म्हटलं, बघू तरी कुठं अडतंय. सरावाला स्कूटर घेऊन तिच्या मागून गेले. जाताना चढ, उलटा वारा, सगळं ठीक. येताना उतार लागला आणि पोरीचे पाय नुसते भिरभिरायला लागले. मिनिटाला एकशे दहा फेरे! सगळ्यात जड गिअर संपला होता आणि हिचा दम तसाच शिल्लक. होणारच ना, पेडलजवळची पुढची चकती अवघ्या शेहेचाळीस दात्यांची; दाते कमी तितका गिअर हलका.

तशीच क्लबच्या सरांकडे गेले. "सर, हिला बावन्न दात्यांची द्या. चढासाठी मागं मोठं चक्र आहेच."

सर हसले. "ताई, मुलींना शेहेचाळीस, मुलांना चौपन्न. वीस वर्षांचा नियम आहे आपला."

"कुणाचे पाय बघून केलात हा नियम?"

"मुलींना जड गिअर झेपत नाही हो. गुडघे जातात."

गुडघे जातात म्हणे! हा माणूस एकदा तरी तिच्या मागून गेला होता का? खुर्चीत बसून पोरींचे गुडघे मोजतो!

शर्यतीच्या आदल्या दुपारी भाचीला विचारलं, "बदलू का गं? सर भडकतील."

"बदल, आत्या. हरले तर निदान दम संपवून हरेन."

बावन्नची चढवली, चेन लांब घातली.

सकाळी ती सुटायच्या रांगेत उभी असताना सरांची नजर चकतीवर गेली. "कुणाला विचारून केलंस हे? आज निवड हुकली तर क्लबमध्ये पाऊल ठेवायचं नाही!"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. सुटायला दोन मिनिटं असताना असं बोलतात? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "चकती मी बदललीय. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

ती सुटली. परत आली तेव्हा उतारावर पाय कसे, सावकाश आणि ठाम. प्रत्येक फेऱ्याला सायकल पुढं झेपावत होती. दुसरी आली! मी तिथंच रडले, लाज कसली त्यात.

आणि आमचे सर? पालकांच्या घोळक्यात सांगत होते, "गिअरचा अंदाज आमचा अचूक ठरला." आयत्या बिळावर नागोबा! मी तोंड उघडणार तेवढ्यात भाचीनं दंड धरला. "जाऊ दे ना, आत्या." तिच्यासाठी गिळलं.

सोमवारी दुकानासमोर टेम्पो थांबला. आत क्लबच्या उरलेल्या आठ मुलींच्या सायकली आणि सरांची चिठ्ठी, 'सगळ्यांना बावन्न बसवा.'

त्या आठांत एक हलकीफुलकी पोर आहे, भराभर पाय मारणारी. तिला शेहेचाळीसच बरोबर. एकीचा गुडघा खरोखरच दुखतो. मी तिथल्या तिथं फोन लावला.

"सर, सायकली परत पाठवतेय."

"अहो, आता तुमचंच तर ऐकलं!"

"माझं कुठं ऐकलंत? पोरी पाठवा. एकेकीच्या मागून जाऊन बघते, मग ठरवू."

"एकेकीच्या? आठ दिवस जातील, ताई!"

"वीस वर्षं गेली, सर," म्हटलं आणि फोन ठेवला.