बुजरीकडे पाठ करून

अकरा पिंजरे होते, त्यातले दहा रिकामे झाले.

सगळ्यात आधी गेला तो एका डोळ्याचा बोका. शिंपिणीने त्याला नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या मशीनवर मालकासारखा बसू लागला. मग जुळ्या बहिणी गेल्या, मग लंगडी गेली, मग ती म्हातारी गेली जी झोपेत घोरायची. एकेक दार उघडत गेलं, एकेक वाटी धुऊन पालथी पडत गेली. राहिली ती बुजरी. राखेच्या रंगाची आणि राखेसारखीच गप्प. दाराजवळच्या पहिल्या पिंजऱ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या मागे, भिंतीत शिरता येत नाही म्हणून भिंतीला चिकटून बसलेली.

हा मांजरांचा निवारा आत्या सांभाळायची. भावाची मुलं तिला आत्या म्हणत. ते नाव तिच्या मागोमाग चालत इथवर आलं होतं आणि आता मांजरांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईसुद्धा तिला आत्याच म्हणत. वाळूची घमेली बदलायची, वाट्या घासायच्या, कुणाचं नाक गळतंय, कुणी जेवलं नाही ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. सात वर्षं झाली होती.

महिनाअखेरीला ही इमारत पाडणार होते. तोवर ज्या मांजराला घर मिळणार नाही, त्याला शहराबाहेरच्या मोठ्या निवाऱ्यात न्यायला गाडी येणार होती. तिथे एका दालनात साठ मांजरं. जेवणाच्या पराती आल्या की धीट पुढे, दुबळी मागे. बुजरी मुळात तिथूनच आली होती. आली तेव्हा आत्याने तिला उचललं, तर हातात मांजर आहे की नुसती लोकर ते कळेना.

"परत तिथे गेली तर ती काही वाचत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बोलून झाल्यावर त्या उगाच कात्री पुसत राहिल्या.

तसं दोन घरांनी तिला नेलंही होतं. पहिल्या घराने आठवड्यात परत आणलं. दुसऱ्या घरची सून चौथ्या दिवशी टोपली टेबलावर ठेवून म्हणाली, "आम्हाला मांजर हवी होती हो आत्या. ही तर नुसती अफवा आहे. चार दिवस झाले, आमच्या घरी मांजर आहे असं आम्ही फक्त ऐकून आहोत."

आत्याने काय नाही केलं! बुजरी लोकांना आधी दिसावी म्हणून तिचा पिंजरा मागच्या भिंतीकडून उचलून दाराजवळ आणला. खोका बाजूला सरकवून पाहिला. बुजरीने पाण्याच्या वाटीमागे लपायचा प्रयत्न केला तेव्हा परत ठेवला. रोज दुपारी अर्धा तास ती पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसायची, गजांना नाक लावून, आणि मनातलं काहीबाही हळूच म्हणायची:

*बुजरे माझे बाई, कशाला भितेस,*
*चार गजांआडून कुणाला पाहतेस.*

बुजरी पापणी लववायची नाही. दोन डोळे, दोन दिवे. आत्याला वाटायचं, ऐकतेय. ती जेवायची मात्र सगळे निघून गेल्यावर. सकाळी वाटी रिकामी दिसली की आत्याच्या जिवात जीव यायचा.

तिला घरी का नेत नाही, असं कुणी विचारलं तर आत्या हसून टाळायची. घर भावाचं. वाईट कुणीच नव्हतं. दादा कधी आवाज चढवायचा नाही आणि वहिनी पहिली पोळी तिच्याच पानात वाढायची. पण घर लहान, म्हणून आत्याची कॉट बोळकांडीत होती, बैठकीची खोली आणि न्हाणीघर यांच्या मधे. येणारा तिथून येणार, जाणारा तिथून जाणार. आडवं व्हावं तर "वन्सं, झोपलात?" बसावं तर "वन्सं, बसलात?" तोंडावरून पांघरूण घ्यावं तर "वन्सं, बरं वाटत नाही का?" मांजराचा विषय तिने एकदाच काढला होता.

"वन्सं, अहो इथे माणसांना कूस बदलायला जागा नाही," वहिनी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

निवारा बंद झाला की दिवसभर त्या कॉटवरच बसायचं, हे आत्याला दिसत होतं. पण त्याकडे ती अजून बघत नव्हती. आधी बुजरीचं बघायचं होतं.

दहा दिवस उरले असताना लिफ्टवाले काका आले. मोठ्या कचेरीच्या इमारतीत त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. आता नवी लिफ्ट आली, ती स्वतःच चालायची, आणि काका घरी बसले. बायको दोन वर्षांमागे गेली. तिच्या शाली मांजरांच्या अंथरुणाला होतील म्हणून ते पिशवी भरून घेऊन आले होते.

"जरा टेकतो," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना वर-खाली नेलं आणि माझ्या इमारतीला लिफ्ट नाही, बघा. तिसरा मजला. गुडघे शिव्या घालतात."

दाराजवळच्या बाकावर ते बसले. पिंजऱ्याकडे पाठ, तोंड दाराकडे. आत्या शालींच्या घड्या घालायला आत गेली. बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थबकली. भर दुपारी, माणूस हातभर अंतरावर असताना, बुजरी खोक्यापुढे येऊन वाटीत तोंड घालून जेवत होती.

"काका, हलू नका."

"का? पाल आहे का अंगावर?"

"पाल नाही. मांजर."

"अंगावर?"

"मागे. जेवतेय. वळू नका हं, शपथ आहे तुम्हाला."

"वळतंय कोण," काका दाराकडेच बघत म्हणाले. "चौतीस वर्षं वळलो नाही."

आत्याने एक पाऊल टाकलं, बुजरीची नजर तिच्यावर पडली आणि ती खोक्यामागे गडप झाली. आत्याला पाहून. काकांना नाही, आत्याला.

काका गुडघे चोळत सांगत होते, "लिफ्टमध्ये माणूस शिरला की आधी घाबरतो. दाखवत नाही, पण घाबरतो. दार बंद, पेटी हलली, आता जायला वाट नाही. अशा वेळी कुणी तोंडाकडे टक लावली तर त्याचा जीव आणखी आकसतो. म्हणून मी दाराकडे तोंड करून उभा राहायचो. मजला विचारायचा, बटण दाबायचं, पाठ करायची. एक बाई होत्या, लिफ्टला इतक्या भ्यायच्या की देवाचं नाव घेत चढायच्या. वर्षभराने माझ्या पाठीशी बोलायला लागल्या. नातवंडांचं, सुनेचं, सगळं."

"पण मागे काय चाललंय ते तुम्हाला कळायचं कसं?"

"ते आमच्या धंद्यातलं गुपित," काका म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

आत्या हसली नाही. ती त्या पिंजऱ्याकडे बघत होती, दाराजवळच्या, तिनेच उचलून आणलेल्या. येणारा तिथून येणार, जाणारा तिथून जाणार. आणि उरलेल्या वेळात समोर स्टूल टाकून, गजांना नाक लावून, प्रेमाने बघणारी ती स्वतः. बोळकांडीतल्या कॉटवर रोज झोपणाऱ्या बाईला हे कळू नये!

"काका," ती म्हणाली, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि माझी पाठ."

बुजरी त्याच दिवशी गेली. शालीत गुंडाळलेली टोपली काकांनी मांडीवर घेतली, रिक्षात बसले आणि सगळी वाट बाहेर बघत राहिले.

आता उरली घरभेट. आठव्या दिवशी आत्याने जायचं आणि कागदावरच्या एका प्रश्नाचं उत्तर आणायचं: मांजर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का? हा नियम डॉक्टरीणबाईंनी घातला होता. पूर्वी एका कुटुंबाची मांजर खिडकीतून पळाली होती आणि ते महिनाभर सांगत राहिले, आहे हो, पलंगाखाली आहे. तेव्हापासून ऐकीव चालत नसे. पाहिलं नाही, तर घर रद्द आणि मांजर परत. गाडी नवव्या दिवशी यायची होती.

तिसरा मजला. आत्याचेही गुडघे बोलू लागले.

काकांची एकच खोली होती, लिफ्टच्या चार-पाच पेट्या मावतील एवढी. पलंग, कपाट, शेगडी, खिडकीला जाळी. बुजरी कुठेच नव्हती.

"कुठे आहे?"

"कपाटाखाली. जेवते रोज. माझ्या पाठीमागे."

"तुम्ही पाहिलंत?"

"रोज बघतो."

आत्या ओणवी होऊन कपाटाखाली बघायला लागली, तोच काकांनी "अंहं!" केलं. तेवढ्याने ती सरळ झाली. सात वर्षांची सवय अंगाला होती. पाठ आपोआप वाकत होती.

"आत्याबाई, वाकून बघाल तर डोळे दिसतील, पण मांजर आठवडाभर उपाशी राहील. बसा इथे. माझ्या शेजारी. तोंड भिंतीकडे."

"काका, डोळ्यांनी पाहिलं असं लिहायचंय मला. मी खोटं लिहिणार नाही. आणि नाही लिहिलं तर उद्या गाडी आहे."

"माहीत आहे. बसा."

ती बसली. पलंगाच्या कडेवर दोघं, शाळेत शिक्षा झाल्यासारखी, समोर भिंत. काकांनी वाटी कपाटापाशी ठेवली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडत होतं. आत्याच्या मानेला कुणी दोरी बांधून मागे ओढतंय असं वाटत होतं. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. खोली आवळत आली. आपण नाही वळलो तर ती जाणार, वळलो तरी ती जाणार. कागद मांडीवर, पेन बोटांत.

"नाही येणार ती," आत्या कुजबुजली. "मी आहे म्हणून नाही येणार."

"समोर बघा," काका तितक्याच हळू म्हणाले. "गुपित."

भिंतीवर एक पितळी पट्टी होती, हातभर लांब. जुन्या लिफ्टमधली, तळमजल्यापासून आठव्या मजल्यापर्यंतची बटणं असलेली. लिफ्ट मोडली तेव्हा काकांनी मागून घेतली होती. घासून घासून तिचा आरसा झाला होता. चौतीस वर्षं काकांनी मागची माणसं त्यातच पाहिली होती: कोण रडतंय, कोण केस सारखे करतंय, कुणाला चक्कर येतेय.

त्या पितळेत खोली पिवळी आणि वाकडी दिसत होती. कपाट वाकडं, वाटी वाकडी. आणि तिसऱ्या मजल्याच्या बटणाशेजारी एक राखी डाग सरकला. थांबला. परत सरकला. मग मागून आवाज आला, कुटूर कुटूर, दाण्यांचा.

त्या डागाला कान होते. त्याला पाठ होती आणि पाठीवर आता मांस होतं. खाता खाता बुजरीने मान वर केली, त्या दोन पाठमोऱ्या माणसांकडे पाहिलं, आणि परत वाटीत तोंड घातलं. खाऊन झाल्यावर ती कपाटाखाली न जाता खोलीच्या मधोमध येऊन बसली आणि पंजा चाटून तोंड धुऊ लागली.

आत्याने आवाज न करता पेन उघडलं आणि "हो" लिहिलं. मग ओठांतल्या ओठांत, भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "बुजरे माझे बाई." पंजा क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

निघताना काकांनी तिला भिंतीकडे तोंड ठेवून, कडेकडेने, चोरासारखं दारापर्यंत नेलं. जाताना एकदा बघावं, एकदाच, असं आत्याला इतकं वाटलं की तिने चौकटीला धरलं. आणि तशीच बाहेर पडली.

दारात काका सवयीने म्हणाले, "खाली?"

"खालीच," आत्या म्हणाली. "घरी."

ती दोन पायऱ्या उतरली. परवापासून निवारा नाही. बोळकांडी, कॉट, बसलात का, झोपलात का. वरून काकांचा आवाज आला, "आत्याबाई, गुरुवारी रिकाम्या आहात का?"

"गुरुवारी काय, आता रोजच रिकामी. का? घरभेट एकदाच असते हो काका. परत बघायला यायची गरज नाही."

"बघायला कोण म्हणतंय," काका जिन्याच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "नुसतं बसायला."