खारपाणाची कॅन

सलीमाबींनी ती कॅन काचेच्या टाकीत रिकामी केली तेव्हा आपल्या हातून एक नेक काम झालं, असंच त्यांना वाटलं होतं.

टाकी सुनेची. फलक चिखलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी, बैठकीच्या खोलीत, तिने समुद्रातली जिवंत प्रवाळं पाळली होती. माणूस शेळी पाळतो, कोंबडी पाळतो, पण दगडाला चिकटलेले हे जीव कुणी पाळतं का? असं चारचौघींत बोलून झाल्यावर सलीमाबीच दुपारच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसू लागल्या. हिरव्या, लवलवत्या बोटांचं एक प्रवाळ त्यांचं खास लाडकं. त्याला त्या ‘माही सांबाराची जुडी’ म्हणायच्या, कारण इकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. फलकने ते नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलं होतं.

माहेरी, मोताळ्याला, भावाचं लग्न निघालं तेव्हा टाकी तिने सासूवर सोपवली. नवरा आमीर दिवसभर आपल्या मोटार-वायंडिंगच्या दुकानात. त्याच्या भरवशावर तर चूलही सोडण्यासारखी नव्हती.

“अम्मी, उन्हानं पाणी उडते. काचेवर खूण केली हाय, तिथवर फिल्टरचं पाणी टाकत जाजा. बाकी काई करू नका.”

दोन-तीन दिवस त्यांनी तसंच केलं, पण मन खाऊ लागलं. जीव समुद्रातले, खाऱ्या पाण्यातले, आणि आपण त्यांना रोज गोडं पाणी पाजतोय. पोरगी लग्नाच्या घाईत उलटंच तर सांगून गेली नाही? उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मग त्यांनी एक-दोन दिवस पाणी घातलंच नाही, आणि भावाला फोन लावला.

वाहेद संग्रामपूरकडे खारपाणपट्ट्यात राहायचा. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. बहिणीकडे येताना तो दर वेळी रिकाम्या कॅन आणायचा आणि गोड्या पाण्याने भरून न्यायचा. भरलेली कॅन घेऊन ये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

“आपा, हे पाणी आमच्याकडं ढोरं पेत नाईत,” दारात कॅन टेकवत तो म्हणाला. “तू काय करतं याचं?”

“तुले काय करा लागते? आन इकडं.”

दुसऱ्या दिवशी सगळी प्रवाळं मिटली. दोन नारंगी मासे मात्र मजेत फिरत होते, म्हणून सलीमाबींनी स्वतःची समजूत घातली की झोपली असतील. पण जुडीची बोटं आत ओढली गेली ती बाहेर येईनात, आणि पुढे तर टोकं पांढरी पडली.

फलक आली आणि बॅग दारातच राहिली. तिने टाकीतलं थोडं पाणी शिशीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब सोडू लागली. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, आणि ते पिवळं व्हायला किती थेंब लागले त्यावरून क्षार किती ते कळतं. थेंबांमागून थेंब पडत होते आणि पाणी निळंच.

“अम्मी, पाणी कोणतं टाकलं?”

फिल्टरवर ढकलता आलं असतं. सलीमाबींनी ढकललं नाही. “वाहेदच्या बोअरचं. मले वाटलं, खाऱ्यातल्या जीवाले खारं पायजे.”

फलकला राग आला, चांगलाच आला. पण ती ओरडली नाही, आणि सलीमाबींना तेच जास्त लागलं. “ते सोड्याचं खारं हाय, अम्मी,” ती एवढंच म्हणाली. “समुद्राचं येगळं.”

आमीरने बाह्या सरसावल्या. “सगळं पाणी फेकू, नवं भरू. आत्ताच्या आत्ता मोकळं.”

“एका दणक्यात बदललं म्हून तं हे झालं,” फलक म्हणाली. “आता उलटा दणका देऊन मारतं काय त्यायले?”

मग दुखणेकऱ्याची सेवा सुरू झाली. दिवा मंद केला, खाणं बंद केलं. रोज एक लहान बादली पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. फिल्टरच्या पाण्यात समुद्राचं मीठ नीट विरघळवून, टाकीइतकंच कोमट करून. मीठ ढवळायचं काम सलीमाबींनी मागून घेतलं. एक जांभळं प्रवाळ गेलं ते गेलंच. फलकने ते चिमट्याने उचललं तेव्हा सलीमाबी उठून अंगणात गेल्या.

पण शिशीतलं पाणी दर खेपेला जरा लवकर पिवळं होऊ लागलं. आणि एका सकाळी, फजरची नमाज आटोपून चहा घेऊन बसल्या असताना त्यांना जुडीतलं एक बोट बाहेर आलेलं दिसलं. त्यांनी हाक मारली नाही. हाक मारायची भीतीच वाटली. दुसरं बोट दिसलं, तिसरं दिसलं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, “फलक, पाय बरं इकडं.”

फलक कणकेच्या हातानेच आली. बघितलं आणि तिथेच खाली बसली. “जगली, अम्मी.” सलीमाबींना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पुढे मोताळ्याला वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. फलक निघाली. टाकी आता शेजारच्या जयमालाबाईंकडे जाणार, हे सलीमाबींनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. फलकने पाण्याचा जग त्यांच्याच हातात दिला.

“जयमालाले सांग,” त्या म्हणाल्या. “माह्यानं नाई होत.”

“जयमालाबाईले काय समजते?” फलक चपला घालत म्हणाली. “ह्यायचं दुखणं तुमीच काढलं ना. खुणेवरी टाकजा.”

दोन दिवसांनी वाहेद आला. एका हातात रिकामी कॅन, दुसऱ्यात भरलेली. लागत असेल म्हणून बिचारा न सांगता घेऊन आला होता. सलीमाबी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“ते नालीत ओत, मंग आत ये.”

त्याने निमूट ओतलं आणि दोन्ही कॅन नळाखाली मांडल्या. “थांब जरासाक,” सलीमाबी म्हणाल्या. आधी त्यांनी फिल्टरखाली जग भरला, टाकीपाशी गेल्या, आणि काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी हळूहळू सोडलं.