कुऱ्हाडीने पुसलेला फळा

मित्रांनो, मी फळा आहे. खरं म्हणजे आता अर्धाच फळा आहे. माझा खालचा अर्धा भाग कुणाच्या तरी चुलीत जळून गेला आणि वरचा भिगवणजवळच्या मासळी बाजारात तारेला लटकतो आहे. मी जन्मापासून जरा कडक डोक्याचा. तुम्ही लहान आहात म्हणून रक्त पुसून, साखर लावून गोष्ट सांगणं मला जमणार नाही.

माझी सुरुवातच मारहाणीने झाली. इंदापूरच्या एका सुताराने मला करवतीने कापलं, रंध्याने पाठ सोलली, आडव्या पट्ट्या लावून खिळे ठोकले आणि वर काळा रंग फासला. मग मला शाळेत नेलं. तिथले गुरुजी चिडले की पोरांवर डस्टर भिरकावायचे. नेम चुकला की ते माझ्यावर आदळायचं. ज्या पोरांना गणित येत नसे, त्यांची डोकी माझ्यावरच आपटली जायची. त्या पोरांची मला फार दया यायची. पुढे शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मला उकिरड्याशेजारी टाकून दिलं. शेळ्या माझ्या कडेला शिंगं घासायच्या. तेव्हा मी फार कुढलो. आपलं आयुष्य संपलं असंच वाटलं.

तिथून मला प्राचीने उचललं. बाजारात तिचं बर्फाचं दुकान आहे. वडील माळेगावच्या साखर कारखान्यात नोकरीला, म्हणून दुकान तीच बघते. लादीवर हातोडा घालून बर्फ फोडायचा आणि मासळीवाल्यांना द्यायचा. कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेली ही मुलगी गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने मला धुतलं, नवा रंग दिला, दुकानाच्या खांबाला तारेने बांधलं आणि खडूने वर लिहिलं : ‘आपले खासदार काय करतात?’

त्याखाली रकाने. लोकसभेत हजेरी किती, प्रश्न कोणते विचारले, मत कुठल्या बाजूला दिलं, खासदार निधी कुठं खर्च झाला. दर आठवडी बाजाराला ती मोबाईलवर सरकारी नोंदी शोधायची आणि माझ्यावर उतरवायची. माझा ऊर भरून यायचा. मित्रांनो, मी कुणाची निंदा केली नाही. चांगली हजेरी असली की चांगली लिहिली, कमी असली की कमी. खासदारांनी पाण्यावर प्रश्न विचारला तेव्हा प्राचीने तो रंगीत खडूने लिहिला. लोक चहाचा पेला हातात घेऊन मला वाचायचे. एवढा मान मला शाळेतही मिळाला नव्हता.

मताच्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा नुसती रेघ असायची. चिलापी विकणारी द्वारकाबाई बाजारात सगळ्यात मोठ्या आवाजाची. लिहिता-वाचता येत नसलं तरी तिची नजर चौकस. तिने एकदा विचारलं, “पोरी, हितं निस्ती रेघ का गं वढतीस?”

“मावशी, तितं बऱ्याचदा आवाजी मतदान हुतं. समदे एकदम व्हय न्हायतर न्हाय म्हणत्यात. कोण काय म्हणलं त्याची नोंदच नसती. नोंद न्हाय, म्हून रेघ.”

द्वारकाबाई हसली आणि लिलाव पुकारणाऱ्या भिमाकडे वळली. “ऐकलंस का रं भिमा? आपल्या लिलावात असं चालंल का?”

“न्हाय बा,” भिमा म्हणाला. “ज्याच्या तोंडातनं बोली निघाली, त्याचं नाव घ्यायचं. मागनं फिरला तर त्याला बाजार बंद.”

मग एके दिवशी निधीच्या रकान्यात प्राचीने सरकारी नोंदीत होतं तेच उतरवलं : ‘मासळी बाजारासाठी पत्र्याची शेड. काम पूर्ण.’ बाजारातल्या बायकांनी ते वाचून घेतलं आणि डोक्यावरच्या उन्हाकडे बघितलं. शेड कुठंच नव्हती. ठेकेदार नागेशने दुसऱ्याच कुठल्या शेडचे फोटो जोडून काम दाखवलं होतं. खासदारांना त्याची खबरही नसावी.

दुसरी कुणी असती तर अर्ज करत बसली असती. आमच्या बायकांनी उद्घाटनच करायचं ठरवलं. मोकळ्या जागेत दोन बांबू रोवले, त्यांना लाल फीत बांधली. नारळ फोडला. द्वारकाबाईने मासे कापायच्या सुऱ्याने फीत कापली आणि हात जोडून म्हणाली, “या मंडळी, सावलीला बसा!” उन्हात बसून सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही मनातल्या मनात पोट धरून हसलो. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं आणि बघता बघता बारामतीपर्यंत पोचवलं.

पुढच्या बाजारादिवशी ऐन लिलावात नागेशची जीप आली.

नागेश जीपच्या दाराला टेकून उभा राहिला. त्याचा भाऊ मल्हार कुऱ्हाड घेऊन खाली उतरला, बरोबर आणखी दोघं. त्यांनी बर्फाची लादी लाथेने उडवली. प्राचीला केसाला धरून दुकानाबाहेर ओढलं. तिचं कपाळ खांबावर आदळलं आणि रक्ताची धार डोळ्यात उतरली.

“लय ल्हितीस व्हय?” मल्हार ओरडला. “आमच्या दादाच्या नावानं लोकं हसाय लावलीस?”

“मी तुमचं नावच ल्हिलं न्हाय,” प्राची म्हणाली. “सरकारी नोंद हाय ती.”

पहिला घाव माझ्यावर पडला. मित्रांनो, मी उभा फाटलो नाही, आडवा फाटलो. पट्टीपाशी कडाड करून मोडलो. दुसऱ्या घावाला माझा खालचा भाग सुटला आणि मल्हारच्या पायावर पडला. त्याच्या अंगठ्याचं नख उखडलं. खरं सांगतो, मला पायावर नाही, त्याच्या टाळक्यात पडायचं होतं. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मल्हार किंचाळला. तेव्हा जीपपाशी उभा असलेला नागेश पहिल्यांदा बोलला. “हात धरा तिचा. ल्हिती त्यो.”

दोघांनी प्राचीचा उजवा हात उरलेल्या माझ्यावर दाबून धरला. तिचा तळवा माझ्या अंगाला चिकटला होता, खडूने माखलेला, बर्फाने गार पडलेला. “मावशी!” ती एकदाच ओरडली. मल्हारने कुऱ्हाड उलटी केली आणि बोथट बाजूने घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या लाकडातून आरपार गेला. मग त्याने पुन्हा मारलं. तिची बोटं माझ्यावरून घसरली आणि पांढऱ्या अक्षरांवर लाल पट्टे उठले.

सगळा बाजार तिथं उभा होता. भिमा तराजूशी थांबला होता. द्वारकाबाई तर चार हातांवर बसली होती. तिचा मुलगा सूरज नागेशच्याच डंपरवर ड्रायव्हर. तिने मान खाली घातली आणि चिलापी सोलत राहिली. हातातली मासळी केव्हाच साफ झाली होती, तरी ती खवलं काढतच होती.

जीप गेल्यावर हवालदार आले, जबाब घेऊ लागले. भिमा म्हणाला, “मी पाठमोरा हुतो साहेब.” दुसरा म्हणाला, उन्हाने डोळे दिपले होते. द्वारकाबाई म्हणाली, “मी कामात हुते. मान वर केली न्हाय.” साक्षीदारच नाही म्हटल्यावर नागेश आणि मल्हार लगेच मोकळे झाले. प्राची दवाखान्यात होती तेव्हा नागेशने तिला निरोप धाडला : दुसरा हात अजून शाबूत आहे, जपून राहा.

त्या दिवसांत मी मोडका, रक्ताने डागाळलेला, तसाच लटकत होतो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. येणारे जाणारे मान वळवून जात. मार लागला तेव्हा दुखलं नव्हतं इतकं ते दुखलं.

प्राची परत आली ती हात प्लास्टरमध्ये घालून. बाजार भरला होता. मल्हार चहाच्या टपरीवर अंगठ्याला पट्टी बांधून बसला होता, मुद्दामच. प्राचीने ओल्या फडक्याने मला हळुवार पुसलं. खडू डाव्या हातात घेतला. अक्षरं वेडीवाकडी यायला लागली, बालवाडीतल्या पोराची असतात तशी. आधी तिने नेहमीप्रमाणे खासदारांची हजेरी लिहिली. मग त्याखाली लिहिलं : ‘आपला बाजार’. एकेकाचं नाव. प्रत्येकाच्या पुढे ‘हजर’. आणि त्याच्या पुढच्या रकान्यात रेघ.

द्वारकाबाई उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“माझं नाव कंचं?”

प्राचीने बोट ठेवलं.

“फुडं काय हाय?”

“रेघ, मावशी.”

द्वारकाबाईला रेघेचा अर्थ ठाऊक होता. तिने मासळीच्या पाण्याने ओला झालेला हात माझ्यावर ठेवला आणि ती रेघ पुसून टाकली. मग लिलावात लावते तसा आवाज लावून म्हणाली, “ल्ही पोरी. द्वारकाबाईनं बघितलं. नागेशनं हात धराय सांगितला आन् ह्या मल्हारनं मोडला. सूरजची डायवरकी गेली तर जाऊ दे.”

मल्हार लंगडत आला आणि त्याने तिच्या तोंडात भडकावली. ती कोलमडून माझ्यावर आदळली. ओठ फुटला. तिने रक्त थुंकलं, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

“ह्ये बी ल्ही,” ती म्हणाली.

मल्हारने पुन्हा हात उगारला, पण या वेळी भिमाने तो मनगटाशी धरला. त्यालाही ठोसा बसला, नाकातून रक्त आलं, तरी त्याने पकड सोडली नाही. मग बाजारातल्या बायका पाट्या सोडून उठल्या, मासे कापायचे सुरे हातातच होते. मल्हारची नजर त्या सुऱ्यांवर गेली आणि त्याचा आवाज बसला. भिमाने एका हाताने त्याला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने आपल्या नावापुढची रेघ पुसली. द्वारकाबाई तशीच रक्ताळलेल्या तोंडाने पोलीस चौकीकडे निघाली. काही जण तिच्यामागे गेले, काही नाही गेले. जे नाही गेले, त्यांच्या रेघा अजून माझ्यावर आहेत.

मित्रांनो, खटला चालू आहे. शेड अजून झालेली नाही. सूरजची नोकरी गेली, तो आता भाड्याने टेम्पो चालवतो. प्राचीची उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण डाव्या हाताचं अक्षर सुधारत चाललं आहे. खासदारांची हजेरी ती आजही दर बाजाराला माझ्यावर लिहिते, फक्त अक्षर बारीक काढते, कारण आता जागा अर्धीच आहे.

तुमच्या शाळेत, चौकात एखादा फळा असेल तर त्याची निगा राखा. जुना झाला म्हणून उकिरड्यावर टाकू नका. पुसायचाच असेल तर ओल्या फडक्याने पुसा. आणि कधी तुमच्यासमोर कुणाला मारत असतील, तर खाली मान घालून साफ झालेली मासळी सोलत बसू नका. त्या दिवशी मला ओरडायचं होतं हो, फार ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.