एक्स-रेचे डॉक्टर

तासगावात देवदत्तला सगळे 'एक्स-रेचे डॉक्टर' म्हणत, आणि त्यानंही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. डॉक्टरेट त्यानं क्ष-किरणांवरच केली होती, पण ते किरण आभाळातले. मेलेल्या ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण कोणत्या दिशेनं थरथरत येतात, हे मोजणारं यंत्र घडवण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. दुर्बिणीला जे दिसत नाही, त्याची घडण या थरथरीवरून कळते. असं मोजमाप धडपणे जमलं होतं ते सत्तरच्या दशकात, एकाच तेजोमेघाचं. पुढचं आपण करणार, अशी त्याची खात्री होती.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये परदेशातून फॅक्स आला. त्याचं यंत्र नेणाऱ्या उपग्रहाचं उड्डाण पुन्हा लांबलं होतं, आणि वजन कमी करायचं म्हणून ते यंत्रच वगळलं होतं. गडी रजा टाकून गावी आला आणि तोंड लपवून बसला. त्यात सांगलीच्या एका कॉलेजात त्याचं व्याख्यान ठरलेलं, विषय काय, तर या मोजमापाचं भवितव्य!

त्याच आठवड्यात बेदाण्याच्या शेडवर काम करणारा अर्जुना आला. मागं त्याची बायको रंगुबाई, तोंडाला पदर लावून. शेडमधल्या गंधकाच्या धुरीनं खोकला लागलाय, असं वर्षभर दोघं म्हणत होती. तालुक्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तर तिथल्या डॉक्टरांनी लगेच सांगलीला जायला सांगितलं. पण ऐन हंगामात शेड सोडली तर मुकादम पुन्हा उभं करणार नाही. म्हणून आधी गावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं.

आपण तो डॉक्टर नव्हे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण कितीतरी दिवसांनी कुणी त्याच्याकडे एवढ्या आशेनं बघत होतं, आणि ते सुख त्याला सोडवेना. त्यानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. ओ की ठो कळेना.

"मला तर यात काही दिसत नाही," तो म्हणाला.

अर्जुनाचा चेहरा उजळला. "काय न्हाई म्हंत्यात गं," त्यानं बायकोला सांगितलं. रंगुबाई वाकून पाया पडली.

झालेला घोळ देवदत्तच्या लक्षात आला, चांगला लक्षात आला. पण जातीलच की सांगलीला, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि व्याख्यानाचे कागद पुढं ओढले. व्याख्यान झकास झालं. वीस वर्षांनी का होईना, असं यंत्र वर जाईलच, तोवर किरण कुठं पळून जात नाहीत, असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

दिवाळीला तो परत आला तेव्हा एसटी स्टँडवर अर्जुना भेटला. भादरलेल्या डोक्यावर नुकते केस उगवत होते. रंगुबाई दसऱ्याला गेली होती. क्षयानं दोन्ही फुप्फुसं पोखरलेली. मिरजेला नेलं तेव्हा, लवकर आणली असती तर गोळ्यांनी बरी झाली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

"तुमचा काय दोष न्हाई," अर्जुना म्हणाला. "तुमी बघितलं तवा काय नव्हतंच की. मागनं आलं आसंल." मग त्यानं पिशवीतून नवी फिल्म काढली. शेजारी उभी असलेली थोरली लेक खोकत होती. "आता हिला लागलाय. जरा बघता का?"

देवदत्तनं फिल्म हातात घेतली नाही. "मी तो डॉक्टर नव्हे, अर्जुनामामा. मला फोटो वाचता येत नाही. तेव्हाही येत नव्हता. हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या."

अर्जुनानं पुढं केलेली फिल्म मागं घेतली.

"मग त्या दिवशी उजेडात धरून काय बघत हुता?"

अर्जुनानं फिल्म पिशवीत घातली आणि लेकीला घेऊन तो सांगलीच्या गाडीत चढला.